जखडलेली टोकं

काकूने आमचं काम बंद पाडलं शनिवारी, आणि आम्हाला ते कळलं सोमवारी, तेही ग्रंथपाल बाईंच्या पत्रातून. दोन ओळींचं पत्र होतं. वाचनालयाच्या माळ्याचे बीम कमी पडत असल्याची लेखी हरकत आली आहे, तिचा निकाल लागेपर्यंत बीमवर मजल्याची प्लेट टाकू नये. सोबत हरकतीची प्रत होती आणि प्रतीखालची सही मी डोळे मिटून ओळखली असती.

बाबांनी पत्र वाचलं, घडी घातली आणि ग्राइंडरच्या वरताण आवाजात म्हणाले, "उगवल्या मास्तरीणबाई!"

मास्तरीणबाई म्हणजे माझी सख्खी काकू, बाबांच्या धाकट्या भावाची बायको. इंजिनियरिंग कॉलेजात स्ट्रक्चर शिकवते. तिचं घर आमच्या घरापासून चालत सात मिनिटांवर. फोन करता आला असता. काकाकडून निरोप धाडता आला असता. जाता-येता शेडमध्ये डोकावून "हे काय करून ठेवलंत" असं ओरडली असती तरी चाललं असतं, निदान घरातलं घरात राहिलं असतं. पण नाही. शनिवारी पुस्तक बदलायला गेली, मान वर करून आमचे बीम पाहिले, टेपने मोजले आणि तिथल्याच टेबलावर बसून हरकत लिहून दिली.

मला ती आधीपासून आवडत नव्हती, हे सांगून टाकलेलं बरं. तिसऱ्या वर्षाला तिच्याच विषयात मी तीन मार्कांनी नापास झाले होते. पेपर तपासणारी तीच. आईनं तेव्हापासून तिच्याकडे जाणं कमी केलं, बाबांनी सोडूनच दिलं. मी पुढच्या खेपेला पास झाले, डिग्री घेतली आणि बाबांच्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये टेबल टाकलं. बाबा लोखंड कापणार, जोडणार, उभं करणार; कुठे किती जाडीचं लागेल ते मी ठरवणार. पत्र्याच्या त्या खोलीवर बाबांनी स्वतःच्या हातानं 'डिझाइन विभाग' अशी पाटी रंगवली होती. विभागात एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि मी.

वाचनालयाचा माळा हे माझं पहिलं स्वतंत्र काम. उंच छताच्या वाचनकक्षात मधल्या उंचीवर लोखंडी मजला घालायचा होता, वर पुस्तकांच्या मांडण्या, खाली वाचकांची टेबलं. दोन्ही भिंतींलगत खांब आणि आठ मीटर अंतर ओलांडून जाणारे सात बीम. ग्रंथपाल बाईंची अट एकच होती, की खालच्या दालनात मधे एकही खांब नको. मी तीनशे मिलिमीटर उंचीचे बीम बसवून दाखवले होते. बाबांना वाटलं होतं साडेतीनशेचे तरी लागतील. तीनशेवर भागतंय म्हटल्यावर त्यांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली होती की चष्मा घसरला.

ते गणित मी फायनाइट एलिमेंट मेथडने केलं होतं. नाव भारदस्त आहे, पण मुळात गोष्ट साधी. लांबलचक बीम एकदम सोडवायला जायचं नाही. मनातल्या मनात त्याचे तुकडे पाडायचे. तुकडा म्हणजे एलिमेंट, जिथे तुकडे जुळतात तो नोड. प्रत्येक नोडला दोनच गोष्टी येतात, वर-खाली सरकणं आणि वळणं. प्रत्येक तुकडा किती ताठ आहे ते चार ओळी, चार रकान्यांच्या कोष्टकात मांडायचं, सगळी कोष्टकं मिळून एक मोठं कोष्टक करायचं. मग टोकाच्या नोडना काय करायची मुभा नाही ते सांगायचं. ज्याची मुभा नाही त्या ओळी खोडून टाकायच्या आणि उरलेलं सोडवायचं. कॉम्प्युटरवर तर खोडावंही लागत नाही. टोकापुढे दोन चौकटी येतात, 'सरकणार नाही' आणि 'वळणार नाही'. टिक करायची की झालं.

मी दोन्हीवर टिक केली होती.

मंगळवारी वाचनालयात गाठ पडली. काकू आधीच येऊन शिडीपाशी उभी होती. 'आलात?' नाही, 'कशी आहेस?' नाही. मला म्हणाली, "पूर्ण वजन आल्यावर मधे किती झुकतो म्हणतेस?"

"नऊ मिलिमीटर. पंचवीसपर्यंत चालतं."

"चव्वेचाळीस झुकेल," ती म्हणाली.

बाबा मोठ्यानं हसले. "पाचपट? मास्तरीणबाई, जरा कमी करून सांगा, पटायला सोपं जाईल."

"पाचपटच आहे, भाऊजी. तुम्ही चेष्टेत बोललात, पण आकडा अचूक बोललात." आणि मला, "वर चल."

आम्ही दोघी शिडीनं वर गेलो. बीम जिथे खांबाला मिळतो तिथे तिनं बोट ठेवलं. बीमच्या मधल्या उभ्या पट्टीला दोन बाजूंनी दोन अँगल, चार बोल्ट, संपलं. वरची आडवी पट्टी आणि खालची आडवी पट्टी खांबाला शिवतही नव्हती. तिनं पर्समधून वाचनालयाचं कार्ड काढलं आणि बीमचं टोक आणि खांब यांच्या फटीत वरून खाली आरामात फिरवलं.

"हे टोक भिंतीत गाडलंय?"

"नाही."

"वरच्या पट्टीला वेल्ड आहे?"

"नाही."

"मग बीम झुकला की हे टोक वळेल की नाही? वळणार नाही असं तुला कुणी सांगितलं?"

"तुम्ही," मी म्हणाले.

तिनं कार्ड फटीतून बाहेर काढलं.

"पहिल्याच तासाला," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता आणि खाली बाबा आणि ग्रंथपाल बाई मान वर करून ऐकत होते, तरी मी थांबले नाही. "फळ्यावर बीम काढलात. दोन एलिमेंट, तीन नोड, दोन्ही टोकं जखडलेली. म्हणालात, बीम असा सोडवायचा असतो. माझ्याकडे वही आहे. मी त्याच उदाहरणाची फाइल करून ठेवलीये, नवीन काम आलं की लांबी आणि वजन बदलते."

"ते उदाहरण होतं," काकू म्हणाली. "टोकं जखडली की मधल्या नोडचं सरकणं तेवढं उरतं. एकच अज्ञात. पन्नास मिनिटांच्या तासात बसतं."

"हे तासात बसावं म्हणून घेतलंय, असं तुम्ही एका शब्दानं बोलला नव्हतात."

"ते सांगावं लागतं?"

"साठ जण बसलो होतो आम्ही. कुणाला ठाऊक होतं?"

खालून बाबांचा आनंदी आवाज आला. "म्हणजे चूक यांचीच! लिहा की आता तुमच्या कॉलेजलाही एक हरकत!"

ग्रंथपाल बाई उंचीनं लहान, पण त्यांच्यासमोर दालनातलं चिटपाखरू बोलत नसे. त्या म्हणाल्या, "चूक कुणाची ते घरी बसून ठरवा. मला वर सोळा हजार पुस्तकं ठेवायचीत आणि खाली माणसं बसवायचीत. बीम पुरतात की नाही, एवढंच सांगा."

"लोखंडालाच विचारू," बाबा म्हणाले. "वजन ठेवू आणि मोजू. सगळ्यांच्या देखत." आणि काकूकडे बघून, "मग लेखी माफी मागायची. जशी लेखी हरकत घेतलीत तशी."

"ठरलं," काकू म्हणाली.

शेडवर परत आल्यावर मी दार लावून घेतलं, फाइल उघडली आणि 'वळणार नाही' समोरची टिक काढली, आधी डाव्या टोकाची, मग उजव्या टोकाची. पडद्यावरचा नऊ जाऊन चव्वेचाळीस आला. लोखंडावरचा ताण बघितला, तोही मर्यादेच्या बाहेर गेलेला. माळा कोसळला नसता कदाचित, पण 'कदाचित'वर कुणी पुस्तकं ठेवत नाही. मी टिका परत लावल्या. नऊ आला. पुन्हा काढल्या. चव्वेचाळीस. दरवेळी तेच. एवढ्याशा टिकेनं पाचपट फरक पडतो आणि कॉम्प्युटर हूं की चूं करत नाही. तुम्ही जे सांगाल ते खरं धरून तो बिनचूक हिशेब करतो.

बाबा बाहेर कामगारांना पिंपं मोजायला सांगत होते. मी त्यांना काही सांगितलं नाही. आता वाटतं, सांगायला हवं होतं. तेव्हा मला एवढंच हवं होतं की त्या बोल्टांनी काहीतरी चमत्कार करावा आणि काकूला माफीचं पत्र लिहिताना मला बघता यावं.

गुरुवारी सकाळी मधल्या दोन बीमांवर फळ्या टाकल्या आणि दोनशे लिटरची तीस रिकामी पिंपं रचली. सगळी भरली की सहा टन, म्हणजे दर बीमवर तीन टन, पूर्ण वजनाच्या पाव हिस्सा. तेवढ्यानं बीमला काही होणार नव्हतं. नऊचा पाव हिस्सा सव्वादोन, चव्वेचाळीसचा अकरा. काकूनं कॉलेजच्या प्रयोगशाळेतून डायल गेज आणला होता. घड्याळासारखी तबकडी, काट्याची एक फेरी म्हणजे एक मिलिमीटर. तो मचाणावर उभा करून त्याची दांडी बीमच्या पोटाला टेकवली. काट्याचं वाचन कुणी करायचं यावरून पुन्हा जुंपली. बाबांचा काकूवर विश्वास नाही, काकूचा माझ्यावर नाही. शेवटी ग्रंथपाल बाईंनी चष्मा बदलला आणि वही घेऊन स्वतः मचाणावर चढल्या.

नळी एकच होती. एकेक पिंप भरायला चार-पाच मिनिटं लागत होती. बाबा वर नळीपाशी उभे. काकू आणि मी खाली, भिंतीला लावलेल्या एकाच बाकावर, दोन टोकांना.

ग्रंथपाल बाई मधूनमधून आकडा मोठ्यानं वाचत. दहा पिंपं भरली तेव्हा त्या म्हणाल्या, "साडेतीन." माझ्या हिशेबानं पाऊणच्या आसपास असायला हवा होता.

काकू काट्याकडे बघतच म्हणाली, "तुला हे मंगळवारीच कळलं होतं."

मी मान वळवून पिंपांकडे बघितलं.

"चेहऱ्यावर दिसतंय. भाऊजींना सांगितलं नाहीस."

"तुम्ही तरी पत्राआधी सांगितलंत का आम्हाला?"

"सांगितलं असतं तर तुझ्या बाबांनी ऐकलं असतं?"

"मला सांगायचं. काम माझं होतं."

ती म्हणाली, "तुझा तिसऱ्या वर्षाचा पेपर मी तपासला. वर नाव नसतं, पण मी अक्षर ओळखलं. शेवटचं गणित अर्धं बरोबर होतं. दुसऱ्या कुणाचं असतं तर मी ते तीन मार्क दिले असते."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "मग मला का नाही दिलेत?"

"पुतणीला ढकलत पास केलं म्हणतील म्हणून."

"कोण म्हणणार होतं?"

"कुणीही."

"कुणी म्हटलं होतं का?"

"नाही," ती म्हणाली.

तीन मार्क. आई कॉलेजच्या फाटकापाशी रडली होती. मैत्रिणी पुढच्या वर्षात गेल्या आणि मी सहा महिने त्याच पुस्तकाची पानं उलटत बसले. इतकी वर्षं मी मनातल्या मनात तिला दुष्ट म्हणत आले होते आणि बाहेर कुणी विचारलं तर 'अभ्यासच कमी पडला' असं सांगत आले होते. अभ्यास कमी पडला नव्हता.

"हे आज कशाला सांगताय?"

"मंगळवारी तू माझी एक चूक काढलीस. म्हटलं, दुसरीही माहीत असू दे."

"माफी मागताय?"

"नाही," ती म्हणाली. "सांगतेय."

मी उठले आणि दालनाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन खिडकीपाशी उभी राहिले. तिथून आकडे ऐकू येत होते. पाच. सहा पूर्णांक एक. सात. वर बाबांनी नळी दुसऱ्याच्या हातात दिली होती आणि ते पिंपांमध्ये वाकून वाकून बघत होते, जणू पाण्यातच कुणीतरी काही मिसळलं होतं.

तिसावं पिंप भरलं. ग्रंथपाल बाईंनी तबकडीला नाक लावलं. "दहा पूर्णांक तीन."

पिंपं रिकामी करून काटा पुन्हा शून्याजवळ येतो का तेही पाहिलं. आला. काकूनं डायल गेज पुसला, डबीत ठेवला आणि काही न बोलता निघून गेली. "बघा, मी सांगितलं होतं" असं तोंडावर फेकून गेली असती तर मला सोपं गेलं असतं.

शेडमध्ये आल्यावर बाबा म्हणाले, "ग्रंथपालांना आपल्याकडून अहवाल द्यायचाय. लिही, चार."

"चार काय?"

"चार मिलिमीटर. पिंपं काठोकाठ भरली होती, फळ्या ओल्या होऊन जड झाल्या, मचाण हललं. ते सगळं वजा घालून चार."

"बाबा, आकडा त्यांनीच वाचलाय. त्यांच्या वहीत आहे."

"त्यांना काय कळतं त्यातलं? तू इंजिनियर आहेस. तू सांगशील ते खरं."

"खरं दहा पूर्णांक तीन आहे. बीम पुरत नाहीत. चूक माझी आहे, मी टोकं न बघता टिका मारल्या. तेच लिहिणार."

बाबांचा चेहरा असा झाला जणू मी त्यांच्या हातातलं हत्यार हिसकावलं. "तिनं शिकवलं तुला हे? बाकावर बसून कुजबुजत होतात दोघी."

"ती माझ्याशी जे बोलली ते ऐकलंत तर तुम्ही तिच्या घरावर चाल करून जाल."

"मग तिचीच हो," ते म्हणाले. "टेबल रिकामं कर."

मी अहवाल लिहिला. दहा पूर्णांक तीन लिहिलं, ताण लिहिला, उपाय लिहिला आणि खाली माझी सही केली. मग ड्रॉवरमधलं सामान पिशवीत भरलं. बाहेर पडताना वेल्डर मामांनी, म्हणजे आमच्या शेडवरच्या सगळ्यात जुन्या माणसानं, तोंडावरची काच वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली केली. अहवाल मी स्वतः ग्रंथपाल बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्यांनी दोनदा वाचला.

"उपाय म्हणजे मधे खांब," त्या म्हणाल्या.

"हो. दर बीमखाली एक. मग झुकणं सव्वा मिलिमीटरवर येतं."

"मी एकच गोष्ट मागितली होती तुमच्याकडे."

"हो."

"जा आता," त्या म्हणाल्या.

बाबा माझ्याशी नऊ दिवस बोलले नाहीत. आई मधल्या मधे दोघांची ताटं वाढायची आणि भिंतीशी बोलल्यासारखं बोलायची. "भाजीत मीठ कमी आहे का, कुणी सांगेल का या घरात?" कुणी सांगत नसे. दहाव्या दिवशी बाबा माझ्या खोलीच्या दारात आले आणि उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "खांब कुठे पाहिजेत ते कागदावर काढून दे. पायाची प्लेट किती जाड तेही लिही." मी दिलं. त्यांनी सात खांब स्वतः उभे राहून बसवून घेतले, एकही सूतभर वाकडा नाही. परत ये म्हणाले नाहीत आणि मीही गेले नाही. दोन महिन्यांनी मला दुसऱ्या एका डिझाइन ऑफिसात काम मिळालं.

काकूशी मात्र त्यांनी बोलणं टाकलं ते टाकलंच. काका भावाला भेटायला एकटा येतो, अर्धा तास हवापाण्यावर बोलतो आणि जातो. ग्रंथपाल बाईंनी खांबांमुळे टेबलांची मांडणी तीनदा बदलली आणि तिन्ही वेळा बाबांना फोन करून कळवलं.

मला एक गोष्ट सतावत राहिली. हिशेबानं अकरा यायला हवा होता. आला दहा पूर्णांक तीन. मधले सात दशांश कुठे गेले? नव्या ऑफिसात कुणाला एवढ्याशा फरकाची पर्वा नव्हती. पुस्तकं चाळली, अर्धवट कळलं. शेवटी एका गुरुवारी संध्याकाळी मी काकूच्या घराची बेल वाजवली. दार तिनंच उघडलं.

"ते सात दशांश," मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग बाजूला झाली. "टोकं पूर्ण मोकळीही नसतात," ती म्हणाली. "बोल्ट थोडं धरून ठेवतात. टोकाला स्प्रिंग कल्पायची. चप्पल बाहेर."

तेव्हापासून दर गुरुवारी जाते. तिच्या जेवणाच्या खोलीत छोटा फळा आहे. चहा ती विचारत नाही, मी मागत नाही. त्या तीन मार्कांबद्दल ती पुन्हा बोललेली नाही आणि मी ते माफ केलेले नाहीत. तिलाही ते ठाऊक असावं. ती शिकवते चांगलं. आता प्रत्येक उदाहरणाआधी टोकांबद्दल इतकं बोलते की मूळ बीमला हात लावायला पाऊण तास जातो.

गेल्या गुरुवारी तिनं स्प्रिंगसकट एका तुकड्याचं पूर्ण कोष्टक फळ्यावर मांडलं. मी उतरवून घेता घेता थांबले.

"तिसरी ओळ, चौथा रकाना. तिथे उणे पाहिजे."

"अधिकच आहे."

"उणे पाहिजे. तुकड्याचं उजवं टोक आहे ते."

तिनं खडू खाली ठेवला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. कागदावर सगळं पहिल्यापासून मांडून पाहिलं. पाच मिनिटं गेली, सात गेली. मी हाताची घडी घालून बसले होते. मग ती उठली, बोटानं ते चिन्ह पुसलं आणि त्या जागी उणे लिहिलं.

"बरोबर आहे तुझं," ती म्हणाली.

हे म्हणताना तिला किती जड गेलं ते मी बघितलं आणि मला मनापासून बरं वाटलं.